पुंगळी मिळवावी कशी

मॉडेल रॉकेट म्हटलं की शेजारीपाजारी दारूला भितात. खरी अडचण दारूची नाही, पुंगळीची आहे. रॉकेटचं अंग म्हणजे कागदाची एक हलकी, सरळ, पोकळ पुंगळी. १९५७ साली अमेरिकेत ओरव्हिल कार्लाइल आणि हॅरी स्टाइन या दोघांनी हा छंद मार्गी लावला. त्यांतला कार्लाइल चपलाबुटांचा दुकानदार होता. आमच्या बिदर जिल्ह्यातल्या भालकीत चपलांची दुकानं कमी नाहीत, तेव्हा सुरुवात आपल्याकडेही व्हायला हरकत नव्हती.

बाजारात उतरण्याआधी साधकाने भाषा ठरवून घ्यावी. मराठीत ‘पुंगळी’ मागितली की दुकानदार जत्रेतल्या पुंग्या दाखवतो. कन्नडमध्ये ‘कोळवे’ म्हणावं, तर तो आदराने विचारतो, ‘‘बोअर किती इंची, अण्णा?’’ कारण इथे कोळवे म्हटलं की पुढे बावी आलीच, आणि कोळवे-बावी म्हणजे बोअरवेल. दखनीत ‘नली’ म्हणून पाहिलं, तर त्याने नल्ली ऐकलं आणि बोट मटणाच्या दुकानाकडे केलं. तीन भाषांच्या सीमेवर राहण्याचा फायदा असा, की नकारसुद्धा तीन प्रकारचा मिळतो.

धातूचा मोह टाळावा. बिदरी कारागिराला गळ घातली तर जस्त-तांब्याची ओतून, वर चांदीची वेल काढून देईलही. पण या छंदाच्या नियमांत अंग कागदाचं, लाकडाचं नाहीतर प्लास्टिकचंच लागतं. फुटलं तर कुणाच्या अंगात तुकडे घुसू नयेत म्हणून. आता गंमत पाहा. हैदर-टिपूची रॉकेटं गाजली ती लोखंडी पुंगळीमुळेच. लोखंड आतला दाब सोसायचं, म्हणून दारू जास्त ठासता यायची आणि रॉकेट लांब जायचं. २०१८ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यात नगर इथल्या एका जुन्या विहिरीत तशी हजारांवर रॉकेटं निघाली. म्हणजे आपल्या राज्यात निषिद्ध पुंगळ्या विहिरीतून हजारांनी निघतात, आणि कायदेशीर एक मिळत नाही.

कापडाच्या दुकानात ठाणाच्या आतली नळी असते, पण ती नुसती मागू नये. आधी दीड मीटर अस्तर घ्यावं, हिशेब होऊ द्यावा, आणि उठता उठता सहज आठवल्यासारखं विचारावं. मी असं तीनदा अस्तर घेतलं. नळी मिळाली, पण तिची भिंत इतकी जाड की रॉकेटपेक्षा मुसळ म्हणून बरी. फ्लेक्सवाल्याकडची तीन इंची आणखी भारी. निवडणुकीत त्यांचे ढीग लागतात एवढंच. स्वयंपाकघरातल्या फॉइलची नळी मात्र हलकी आणि चांगली. पण ती हातात यायला आधी फॉइल संपावं लागतं, आणि घरचं फॉइल कधी संपत नाही.

शेवटी स्वतःच गुंडाळणे आले. इथे घाई नको. नळदुकानातला ‘अर्धा इंची’ पाइप कुठूनही मोजा, अर्धा इंच भरत नाही. वायरमनचा पाइप घ्यावा. वीस म्हटला की बाहेरून वीस मिलिमीटर, शब्दाला पक्का. कागद जूनमध्ये घ्यावा, शाळेच्या पुस्तकांना घालतात तो खाकी. दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या कापून तिरक्या गुंडाळायच्या. पहिला थर कोरडा. त्याला चिकट लावलं की पाइप आणि रॉकेट यांचं लग्न लागलं, काडीमोड नाही. दुसऱ्या थराची शिवण पहिल्याच्या शिवणीवर येऊ द्यायची नाही. चिकट म्हणून फेविकॉल चालतो, पण चिंचोक्याची खळ कागदाला जो कडकपणा देते तो वेगळाच. अर्धा मिलिमीटर जाडी भरली की थांबावं. कलबुर्गीच्या मे महिन्यात ही पुंगळी उन्हात तासाभरात वाळते आणि तेवढ्याच वेळात केळ्यासारखी वाकते. म्हणून सावलीत, आणि अर्धवट ओली असतानाच पिळत पिळत पाइप काढून घ्यायचा.

आत भरायच्या मालाबद्दल दोनच शब्द. घन इंधनाची मोटर स्फोटकांच्या कायद्यात येते, घरी दारू कालवत बसू नये. शिवाय बिदरला हवाई दलाचा तळ आहे, सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या पथकाची विमानं तिथलीच. त्यांच्या वाटेत आपण चिंचोक्याची खळ पाठवू नये. तळापासून लांब, मोकळ्या रानात, बाटलीत पाणी आणि हवा भरून काम भागवावं. बाटली आयती पोकळ असते, हा मुद्दा माझ्या पुतण्याने काढला होता. मी तो चर्चेला घेतला नाही.

दुसरं रॉकेट थोराड करायचं ठरलं. शेतातला ६३ मिलिमीटरचा पाइप घेऊन त्यावर गुंडाळलं. आता बाहेरचा व्यास मोजायचा कसा? व्हर्निअर कॅलिपर आख्ख्या बाजारात नाही. आणि मग लक्षात आलं, इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत व्यास कळणारा एकच धंदा गावात आहे, बांगड्यांचा. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश. पुंगळी काखेत मारून बांगडीवाल्या मावशींकडे गेलो. दोन-आठ अडली, दोन-दहा सैल फिरली. म्हणजे व्यास ६३.५ आणि ६६.७ मिलिमीटरच्या मध्ये. मी वहीत लिहून घेत होतो.

मावशींनी पुंगळी हातात घेऊन दाबून पाहिली.

‘‘दोन-दहा निसटून पडंल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘दोन-आठच ने. साबण लावला की चढतीय.’’