गडग्यापलीकडची पेटी

वहिनी, अहो वहिनी, जरा या बघू गडग्याशी. ही तुमची वाटी, कधीची द्यायची राहिलीय. रिकामी नाही देत, चार आमसुलं घातलीत. आणि आता खरं सांगा, काल दुपारी आमच्याकडून काही ऐकू आलं?

आलंच ना! तरी मी खिडक्या लावून बसले होते. मांजर कसलं हो, मी होते ती. पेटी शिकतेय.

हसा, हसा. सत्तावन्न पूर्ण झाली मला, ठाऊक आहे. लेकीची पेटी माळ्यावर धूळ खात होती. ती दोन परीक्षा देऊन मोकळी झाली, लग्न होऊन गेली. मी काढून बघते तर भात्याला उंदरांनी भोक पाडलेलं, आणि दमट हवेनं निम्म्या पट्ट्या दाबल्या की वर यायलाच तयार नाहीत. दुरुस्तीवाल्यानं उघडली, आतल्या पितळी रीड्स बघून म्हणाला, "पालिताण्याचा माल आहे काकू, विकू नका." मला वाटलं, पालिताणा म्हणजे जैनांची देवळंच फक्त. पावसाळ्यात कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवा म्हणाला. आपल्याकडे पावसाळा चार महिने! मग वाजवू कधी?

शिकवायला येतो तो मुलगा चोवीस वर्षांचा. मी त्याला सर म्हणते, तो मला काकू. पहिला पंधरवडा नुसता सा. उजव्या हाताचं काही नाही हो, तो कामाला सरावलेला. पण डावा! माझा डावा हात जन्मभर सही करताना कागद धरण्यापुरता. भाता दाबला की बोटं थांबतात, बोटं चालली की भाता विसरतो, आणि सूर असा खाली बसतो की जणू कुणी दमून जिन्यातच टेकलंय. सर म्हणाले, युरोपात ही पेटी पायानं चालायची, दोन्ही हात मोकळे. म्हटलं, मग माझा डावा हात कुणी अडकवला? तर कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष. आपली बैठक जमिनीवर, म्हणून त्यांनी हाताचा भाता केला. एरवी बैठक मलाही आवडते, पण त्या दिवशी मनात दोन शब्द आले खरे.

आमच्या ह्यांच्याकडून प्रोत्साहन कसलं? पेपरात डोकं घालून म्हणाले, "रेडिओनं पेटीवर १९४० साली बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत. तेव्हाचे लोक विचारी." बंदीचं कारण सरांनी सांगितलं. पेटीचे सूर ठोकळ्यासारखे जागेवर बसवलेले, दोन सुरांमधून घसरत जाणारी मींड तिच्यात निघत नाही. म्हटलं, मला मींड नकोच आहे, मला आधी ठोकळे सापडू देत.

पण वहिनी, मंगळवारी एक गंमत कळली. तेव्हापासून मला चैन नाही. पेटीवर एका सप्तकात काळ्या पट्ट्या किती? पाच. सर म्हणाले, पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीनला सा धरा आणि क्रमानं पाचही वाजवा. वाजवल्या. भूप! अगदी स्वच्छ भूप. मग म्हणाले, आता काळी एकला सा धरा. पट्ट्या त्याच हं, एकही बदललेली नाही. तर दुर्गा! काळी पाचपासून निघालात तर मालकंस. दुपारी भूप वाजवणाऱ्या त्याच पाच पट्ट्या मध्यरात्रीच्या रागात जाऊन बसतात. याला मूर्च्छना म्हणतात म्हणे. मी सरांना सांगितलं, हे मला कळलं. आमच्या भजनी मंडळात परवा भांडण झालं ना, चटईवरून? घडलं ते एवढंसंच. पण तुमच्या जाऊबाईंकडून सुरू करा, रडू येतं. अध्यक्षीणबाईंकडून सुरू करा, राग येतो. आणि जी उशिरा आली तिच्याकडून ऐका, हसून पोट दुखतं. सरांना फारसं पटलं नाही. लहान आहेत अजून.

मंडळात वाजवणार का? छे! सगळ्या काळी चारमध्ये गातात, माझी बोटं अजून तिथवर पोचायचीत. कार्तिकापर्यंत एक अभंग साथीला जमला तरी पुष्कळ. सध्या काळी तीन आणि भूप, दुपारी अर्धा तास. त्यातही घामानं बोट सटकतं, जातं थेट पांढरी सातवर.

काय? कोण म्हणालं? तुमच्या सासूबाई?

"भूपात मध्यम कुठून आला" असं म्हणाल्या? पलंगावर पडल्या पडल्या? अहो, त्यांना स्वतःच्या उशाशी वाजणारा फोन ऐकू येत नाही आणि गडग्यापलीकडचा माझा मध्यम ऐकू येतो?

बरोबर आहे हो त्यांचं, पांढरी सात म्हणजे मध्यमच तो. त्यांना म्हणावं, घामानं सटकलं. नको, राहू दे, काही सांगू नका. दुपारच्या त्या किती वाजता उठतात?