जागा सोडा!

आमच्या सरांना चित्रकलेच्या तासावरून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कर्जतच्या पाट्यांना अजून ती बातमी पोचलेली नाही. स्टेशनपासून बाजारापर्यंत सर निदान चार ठिकाणी थांबतात. 'श्री'ची वेलांटी ट्यूबलाइटमध्ये घुसलीय, 'स्वीट्स'ची शिरोरेषा मधेच तुटलीय. दुकानदार मुकाट "हो सर" म्हणतो, कारण एलिमेंटरीची सी ग्रेड त्याने त्यांच्याच हाताखाली मिळवलेली असते.

स्टेशनजवळच्या भिंती रंगवून 'कलावाट' करायचं आम्ही काही जणांनी ठरवलं. तिला बोधचिन्ह हवं. ते काय, फ्लेक्सवाला अर्ध्या तासात काढून देईल, असं आम्हाला वाटत होतं. कुणीतरी सरांचं नाव सुचवलं आणि दीड महिना गेला.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाने आपापली मागणी मांडली. उल्हास नदी हवी, कोंडाण्याची लेणी हवीत, इथे भात संशोधन केंद्र आहे म्हणून भाताची लोंबी हवी. एकाला बटाटेवडा हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही. खालापूरचे एक काका उखडले, "आमचा महडचा वरदविनायक कुठंय? विधानसभेला एकत्र आणि लोगोत वेगळे?" सरांनी सगळं फळ्यावर लिहून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "हे चिन्ह आहे की रुखवत?"

मग डस्टर फिरलं. "जागा सोडा, जागा!" हा त्यांचा मंत्र. पंगतीत वाढप्यालाही ते हेच सांगतात. हुतात्मा भाई कोतवालांचं नाव निघालं तेव्हा मात्र डस्टर थांबलं. "त्यांना अंगठ्याएवढ्या चिन्हात कोंबू नका. त्यांना अख्खी भिंत द्या." आणि तशी पहिली भिंत ठरली.

सरांचा आवडता दाखला मुंबईच्या काळ्या घोड्याचा. "सातव्या एडवर्डचा पुतळा १९६५मध्ये तिथून हलला, राणीच्या बागेत गेला. राजा गेला, घोडाही गेला, पण चौकाचं नाव काही हललं नाही. १९९९ला महोत्सव सुरू झाला तो त्याच नावाने. २०१७मध्ये घोडा परत आला, तोही स्वाराशिवाय! ओळख म्हणतात ती ही." हे आम्ही अकरा वेळा ऐकलं. बाराव्या वेळी खालापूरचे काकाच सांगू लागले.

कच्चं चित्र झालं की परीक्षा. एसटीच्या तिकिटाएवढं करून बघायचं. शाई संपत आलेल्या झेरॉक्सवर काढायचं. शाळेतल्या पोराला दहा सेकंद दाखवून पाटीवर काढायला लावायचं. पोराने मासा काढला. ते चित्र बाद. रंगांचं तर विचारूच नका. हिरवा म्हटलं की सर म्हणत, "तो विकत कशाला आणता? जूनमध्ये शेवाळ फुकट देतं." शेवटी गेरूचा लाल ठरला.

आणि चिन्ह? 'कलावाट' हा शब्द, बस. फक्त शिरोरेषा डावीकडून उजवीकडे किंचित चढती. ३७ फुटांत एक फूट. कर्जतला गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात आणि ती लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात, त्या बोरघाटाचा हा चढ. सर म्हणाले, "दिसला नाही तरी चालेल, पायांना कळला पाहिजे." माझ्या पायांना अजून काही कळलेलं नाही, पण आम्ही टाळ्या वाजवल्या.

फ्लेक्सवाल्या पोराने पहिला बॅनर आणून दिला. रेघ सपाट! "सर, तुमची लाइन थोडी तिरकी आली होती, मी सरळ करून दिली. त्याचे पैसे नकोत." सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या दारात, हातात सुतळी आणि गेरूची पुडी. बरोबर ३७ फुटांची भिंत त्यांनी हेरून ठेवली होती. एक टोक मी धरलं, दुसरं त्यांनी एक फूट वर. सूत मारलं. पेंटर शिडीवरून पुटपुटला, "पाटी उतरती वाटतेय." "चढती म्हण," सर खालून ओरडले.

संध्याकाळी स्वीट्सवाला दुकान बंद करून आला. मान वाकडी करून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. इतक्या वर्षांनी संधी मिळाली होती बिचाऱ्याला.

"सर, शिरोरेषा तिरकी झालीय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सी ग्रेड तुला उगाच नव्हती मिळाली."