जॅक मारून बघू

तात्यांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे ते नाना असतील, अप्पा असतील, एवढाच फरक. टेलिफोन खात्यातून निवृत्त, छातीच्या खिशात क्रिम्पर, सायकलच्या पिशवीत वायरचे तुकडे, आणि जगातल्या कुठल्याही बिघाडावर एकच औषध: "जॅक मारून बघू."

दूध संकलन केंद्रावर पावत्या निघेनात. तात्यांनी कॉम्प्युटरच्या वायरचं टोक कचकन कापलं, आठ तारा सोलल्या, नवा आरजे-45 जॅक दाबला. मग दुसऱ्या टोकाचाही जॅक बदलला, कारण एकाच बाजूचा बदलणं त्यांना अर्धवट मुंडणासारखं वाटतं. उठता उठता कुणीतरी प्रिंटरमध्ये कागद घातला. पावत्या सुरू झाल्या, आणि श्रेय गेलं जॅकला.

सरपंचांविरुद्ध अविश्वास ठराव आला तेव्हाही पारावर बसून तात्या म्हणाले, "सदस्य फुटले नाहीत हो, लूज झालेत. काढून परत बसवा." पाटलांचा जावई सणाला यायचा बंद झाला, तर म्हणाले, "तुम्ही आपल्याच बाजूचं टोक तपासताय. त्यांच्याकडं जाऊन बघितलं का?" हा सल्ला बरा होता, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. जावई दिवाळीला आला.

आठ तारांचा क्रम तात्या रामरक्षेसारखा पुटपुटतात. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-चॉकलेटी, चॉकलेटी. शाळेतल्या एका पोराने विचारलं, "तात्या, हिरव्याची जोडी फोडून मधी निळा कामून घुसवला?" बस्स. तात्यांनी पान्ह्यासह हात वर केला. "मधल्या दोन जागा टेलिफोनच्या! जुन्या फोनची जोडी मधी बसायची, म्हणून निळ्याला मधी जागा. तुमचं इंटरनेट आमच्या अंगाखांद्यावर वाढलं, लेको." हे खरं आहे. तात्यांची गोष्ट खरी निघाली की फार जड जातं.

आमचं गाव धारूरच्या डोंगराकडचं. ऑगस्ट 2024 मध्ये शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक झाले, शाळेवर कॅमेरे लागले, आणि ते पाहून गावालाही हौस आली. लोकवर्गणीतून मारुतीच्या मंदिरासमोरच्या खांबावर एक कॅमेरा बसला. नजर दानपेटीवर. रेकॉर्डिंगचा डबा आणि स्विच ग्रामपंचायतीत. मधे नव्वद-पंचाण्णव मीटर वायर, शाळेच्या भिंतीवरून, लिंबाच्या फांदीतून. एकाच वायरीतून चित्रही येणार आणि वीजही जाणार, म्हणजे मंदिराशी वेगळा प्लग नको.

ही करामत तात्यांनी ग्रामसभेत समजावली. स्विच आधी बारीक दाब देऊन समोरचं यंत्र आपल्या जातीचं आहे का ते चाचपतो, 25 किलोओहमचा रोध दिसला की मगच 48 व्होल्टच्या आसपास वीज सोडतो. अंतराची मर्यादा 100 मीटर. 2003 साली ठरलेल्या नियमानुसार स्विचने एका कॅमेऱ्यासाठी 15.4 वॅट सोडायचे आणि पलीकडे 12.95 पोचतील असं धरायचं. वाटेत फक्त अडीच वॅट गळतात, हे ऐकून ग्रामसेवकांचा विश्वास बसेना. मंजूर निधीतलं इतकं शेवटापर्यंत पोचलेलं त्यांनी सबंध नोकरीत पाहिलं नव्हतं.

कॅमेरा दिवसभर झकास चालायचा. अंधार पडला की टिक असा आवाज यायचा आणि चित्र गायब. मिनिट-दीड मिनिटात पुन्हा यायचं, पुन्हा टिक, पुन्हा अंधार. रात्रभर हेच. सकाळी तात्या यायचे, जॅक मारायचे, चित्र अर्थातच दिसायचं (ते तसंही दिसत होतंच), आणि तात्या म्हणायचे, "बघा, जॅकच होता." संध्याकाळी टिक.

गावाने आपापले शोध लावले. कुणी म्हणालं, लिंबाचा दोष. कुणी म्हणालं, मारुतीरायाला रात्री कुणी बघितलेलं चालत नाही. मी म्हणालो, "तात्या, दिवसा चालतं आणि रात्री बंद पडतं, यात काहीतरी आहे."

"आहे ना. दव पडतं. जॅकमध्ये वल जाती."

आणि क्रिम्पर बाहेर.

दर जॅकला चार बोटं वायर कमी होते. दोन्ही टोकांची मिळून आठ बोटं. आधी ग्रामपंचायतीतलं वेटोळं संपलं, मग खांबावरचं. मग वायर ताणली गेली. एक दिवस तात्यांनी कॅमेराच खांबावरून काढून अलीकडे शाळेच्या कोपऱ्यावर ठोकला. आता त्यात दानपेटी दिसत नव्हती. दिसत होती ती गल्ली, हापशाची जागा, आणि चार-पाच घरांची अंगणं. पुजाऱ्यांनी बोंब मारली. तात्या म्हणाले, "वायर पुरत नाही."

दसरा झाला. मुकादमाकडून उचल घेतलेली घरं ट्रॅक्टरवर बिऱ्हाड टाकून निघाली. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. बीड जिल्ह्यात हे नवं नाही, गावंच्या गावं उसाच्या फडावर जातात. मागे राहतात म्हाताऱ्या आणि शाळेची पोरं. रेकॉर्डिंगचा डबा याच सुमारास अडकायला लागला. मी आत शिरून पाहिलं तर एका वेळी कितीतरी मोबाइल जोडलेले. पासवर्ड फुटला होता. तात्यांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला.

"फुटला न्हाई. दिला."

जाण्याआधी त्या गल्लीतल्या प्रत्येक कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याच्या, मोबाइलमध्ये त्यांनी ॲप टाकून दिलं होतं. सुरक्षेच्या शास्त्रात याला क्षमा नाही. मी तसं बोललोही. तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. पलीकडे बाई होती, मागे ट्रॅक्टरची घरघर. "तात्या, अंधार झालाय बघा. पोरगी आत्ता अंगणात होती, दिसंना झाली."

"मारतो जॅक," तात्या म्हणाले, आणि थंडीत कानटोपी चढवून शिडी घेऊन निघाले. सत्तरीचा माणूस. रोज अंधार पडल्यावर ते तिथे जायचे, हे मला तेव्हा कळलं. दिवसभर ऊस तोडून ती माणसं कोपीवर परतायची तेव्हाच इथे टिक वाजायचं.

बिघाड शेवटी सापडला, पण तो तात्यांना नाही, मलाही नाही. चोरांना सापडला. विहिरींवरच्या मोटारींची केबल तांब्यासाठी कापून न्यायचा धंदा जुनाच. एका रात्री त्यांनी चार विहिरींबरोबर आमची वायरही ओढून नेली. चित्रण अर्थातच नाही, रात्रीची वेळ होती. सकाळी मोटारींची केबल गायब, आणि आमची वायर मात्र ओढ्याच्या काठाला टाकलेली, टोकाशी पात्याने खरवडलेली. वरचा तांबूस मुलामा गेला होता, आतून चांदीसारखं ॲल्युमिनियम चमकत होतं. खोक्यावर कॅट-6 छापून हा माल आम्हाला विकला गेला होता, आणि चोरांनी तो एका खरवड्यात नापास केला. ग्रामपंचायतीच्या खरेदी समितीवर अशी दोन माणसं हवीत.

मग सगळं जुळलं. अशा वायरीचा रोध तांब्याच्या दीडपटीच्या घरात, तार बारीक असेल तर आणखी जास्त. दिवसा कॅमेरा थोडक्यात भागवतो. अंधार पडला की आतली काचपट्टी सरकते (तेच ते टिक), अवरक्त दिवे पेटतात, विजेची मागणी वाढते, वायर तेवढी पोचवू शकत नाही, दाब कोसळतो, कॅमेरा बंद. बंद पडला की दिवेही विझतात, म्हणून पुन्हा सुरू होतो. म्हणजे वायर आखूड होत जाणं हा खरोखरच उपाय होता. तात्या असेच जॅक मारत राहिले असते, तर कॅमेरा चालला असता.

हे मी त्यांना सांगितलं. रागावतील वाटलं होतं. ते ओढ्याकाठी बसून खरवडलेली तार बोटांत फिरवत राहिले. "तांबं असतं तर इतक्या रात्री गेल्या नसत्या," एवढंच म्हणाले.

नवी तांब्याची वायर आठवड्यात आली. पैसे कुणी दिले ते वर्गणीच्या वहीत नाही. तात्यांच्या पेन्शनच्या तारखेनंतर दोन दिवसांनी आली, एवढं मी पाहिलं. 100 मीटर पुरं. आता रात्रभर चित्र दिसतं.

साहजिकच पुजाऱ्यांनी ग्रामसभेत विषय काढला: वायर नवी आहे, लांब आहे, कॅमेरा परत दानपेटीवर लावा. सरपंचांनी मान डोलावली. तात्या उभे राहिले.

"वायर पुरत नाही."

"अहो, 100 मीटर आणली ना?"

"जॅकमध्ये गेली."

ग्रामसेवकांनी मिनिटबुकात तसंच लिहून घेतलं आणि पुढचा विषय पुकारला.