गाविलगड डिसेंबरात पडतो

लष्करी इतिहासकारांची एक खोड आहे. ते लढाईची तारीख देतात, त्या दिवशीचं ऊन देत नाहीत. इतर मुलखांत हे खपून जात असेल, वऱ्हाडात खपत नाही. आर्थर वेलस्लीने अकोला जिल्ह्यातल्या अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला तो २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, आणि पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत, १५ डिसेंबरला, गाविलगडही घेतला. हाच सेनापती पुढे वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला, त्यामुळे त्याच्या डावपेचांवर जाडजाड ग्रंथ निघाले. पण अमरावतीच्या एखाद्या शाळकरी पोराला या दोन तारखा ऐकवा. ते तोफा किती होत्या हे विचारणार नाही. म्हणेल, "मंग त्यात काय बा? हिवायात तं कोनीबी घेईन!" या पोराशी मी पूर्ण सहमत आहे. गड डिसेंबरात पडतो. खरी मोहीम मार्चात सुरू होते, आणि ती बायकोमुलांना सोबत घेऊन, चार भिंतींच्या आत लढावी लागते. मुलूख हुकमाने घेता येतो, घर मात्र हुकमाने वसत नाही. ते त्या गावच्या उन्हाशी, पाण्याशी आणि माणसांशी तह करूनच वसतं, आणि तहाची कलमं दर वेळी गावच लिहितं. माझं प्रमेय एवढंच. पुराव्यादाखल मी सातासमुद्रापलीकडून एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूरला, संसार थाटायला आलेली गोरी फौजी कुटुंबं हजर करतो.

ती इथे आली कशी, तेही गमतीचं आहे. हैदराबाद कंटिंजंट नावाची एक फौज होती. नाव निजामाचं, अधिकारी इंग्रज आणि पगार थकलेला. थकबाकी फुगत गेली, आणि मे १८५३ मध्ये लॉर्ड डलहौसीच्या सरकारने या फौजेच्या खर्चापोटी निजामाकडून वऱ्हाड लिहून घेतलं. कागदावर मुलूख भर मे महिन्यातही घेता येतो, कारण सही हैदराबादेत बसून करायची असते. एलिचपूरला लागून परतवाड्याकडे या फौजेची छावणी होती. म्हणजे बंगल्यात राहणार साहेब, आणि त्याचा खर्च निघणार दर्यापूर-अकोटकडे कापूस पिकवणाऱ्या कुणब्याच्या शेतसाऱ्यातून. भाडेकरूनेच घरमालकाकडून भाडं वसूल करायचं, ही सोय आज पुण्यातही कुणाला मिळालेली नाही. पण ज्या घराचं भाडंसुद्धा द्यावं लागत नव्हतं, तेही या मंडळींना आपल्या मर्जीने वसवता आलं नाही, इथेच माझ्या प्रमेयाला बळ मिळतं. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली, सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यानंतर इंग्लंडहून निघालेली मडम बोटीने आणि आगगाडीने थेट बडनेऱ्यापर्यंत ऐटीत येऊ शकत होती. पुढचे पन्नास-साठ किलोमीटर मात्र बैलांचे. साम्राज्याचं इंजिन बडनेऱ्याला उभं राही आणि तिथून वेळापत्रक बैल ठरवत. बैलांना इंग्रजी येत नसे, आणि आलं असतं तरी त्यांनी ऐकलं असतंच असं नाही.

आता घरात शिरू. विलायतेहून निघताना डॉक्टरी सल्ला असा असे, की उष्ण देशात पोटाला गारवा लागून पटकी होते, म्हणून पोटाभोवती फ्लॅनेलचा पट्टा गुंडाळावा. अकोल्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढलेला असताना पोटाला गारवा कुठून लागणार, याचा खुलासा त्या सल्ल्यात नसे. असा पट्टा बांधून आलेल्या कुटुंबाला वऱ्हाडी उन्हाने जी कलमं घातली, ती साधारण अशी: दारं-खिडक्या पहाटे उघडायच्या आणि ऊन चढायच्या आत लावून घ्यायच्या. दाराला वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत राहायचं. रात्री पलंग उचलून अंगणात न्यायचे. मुंग्या चढू नयेत म्हणून शिध्याच्या कपाटाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवायचे. लाकडी पेटी वाळवी खाते, म्हणून पत्र्याची ट्रंक घ्यायची. धाब्याच्या घरात राहणाऱ्या इथल्या कुठल्याही बाईला यातलं नव्वद टक्के आधीच पाठ होतं. जे ज्ञान शेजारच्या ओट्यावर फुकट होतं, ते शिकायला साहेबाच्या घराला दोन-तीन उन्हाळे आणि काही ट्रंका खर्ची घालाव्या लागल्या असतील, एवढाच फरक.

यावर पहिला आक्षेप शिस्तीच्या बाजूने येईल. मडम काही लेचीपेची नव्हती, ती घर पलटणीसारखं चालवी, असं म्हणतात. याला ग्रंथाधारही आहे. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोघींनी १८८८ मध्ये हिंदुस्थानात संसार थाटणाऱ्या इंग्रज बायकांसाठी एक दणदणीत मार्गदर्शक लिहिलं. घर आणि साम्राज्य दोन्ही दराऱ्यावरच चालतात, अशी त्यांची धारणा. डोंगरावर जाताना कोणत्या उंटावर काय लादावं याची यादी त्यात आहे, आणि न ऐकणाऱ्या नोकराला एरंडेल पाजण्याचा उपायही. हा ग्रंथ मी माझ्याच बाजूचा साक्षीदार मानतो. जे ताब्यात असतं, त्यावर कुणी एवढं जाड पुस्तक लिहीत नाही. उन्हाळा कसा काढावा यावर वऱ्हाडातल्या एकाही आजीने ग्रंथ लिहिल्याचं ऐकिवात नाही. एरंडेल तिच्याकडेही असतं, पण ते ती नातवंडांना पाजते, आणि तेही नातवंड हाती लागलं तर. साम्राज्यापेक्षा वास्तव अंदाज बांधायची तिला सवय असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पंखेवाला, भिस्ती, खानसामा, माळी, आया असा ताफा दिमतीला असताना यात शरणागती कसली, ही तर चैन झाली! चैन होतीच, आणि तिची किंमत कुणी मोजली हेही लपलेलं नाही. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा ओढणाऱ्याच्या डोक्यावर पंखा नव्हता. त्यामुळे साहेबाची कीव करावी, असं मी मुळीच सुचवत नाही. मला फक्त पराभवाचं मोजमाप हवं आहे, आणि ते नोकरांच्या संख्येवरून छान निघतं. ज्याला डोळा लागण्यासाठी दुसऱ्या माणसाने रात्रभर जागं राहावं लागतं, त्याने मुलूख जिंकला असेल, रात्र जिंकलेली नाही. पंखेवाल्याला पेंग आली की सबंध बंगला घामाने जागा होई. एका माणसाच्या मनगटावर अख्ख्या ब्रिगेडची झोप अवलंबून असेल, तर सेनापती नेमका कोण, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तिसरा आक्षेप चिखलदऱ्याचा. उन्हाळ्यात साहेबलोक डोंगरावर जात, ती माघार नव्हती, ते नियोजन होतं म्हणे. लष्करी भाषेत माघारीला नियोजन म्हणण्याची प्रथा जुनीच आहे, म्हणून शब्दासाठी मी भांडत नाही. भूगोल मात्र बघा. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास, आणि गाविलगड त्याला लागूनच. १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने याच सातपुड्यात वाटा पाडत तोफा वर चढवल्या, त्या गड घेण्यासाठी. पुढच्या पिढ्यांनी त्याच डोंगरात टोप्या, परकर, चहाची भांडी आणि रडणारी पोरं चढवली, ती जरा वारा घेण्यासाठी. तिथे त्यांनी कॉफीही लावली, तिची झाडं अजून आहेत. ज्या किल्ल्यावर चढाई करून वऱ्हाडातली लढाई जिंकली, त्याच्याच शेजारी दर उन्हाळ्यात वऱ्हाडापासून जीव वाचवायला जाऊन बसायचं, याला नियोजन म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि छावणीचे दिवस भरले. ऊन मात्र कुठल्याच सैन्यात विलीन झालं नाही.

शेवटचा आक्षेप आजचा: आता एसी आहे, विमानं आहेत, तुमचं प्रमेय जुनं झालं. वऱ्हाडात एसी चालायला वीज लागते आणि कूलर चालायला पाणी, एवढं बोलून हा आक्षेप निकालात काढता येईल. पण त्यापेक्षा आपण दिशा उलटी करून बघू. भारतीय सैन्याचं प्रशिक्षण पथक १९६२ पासून भूतानमध्ये आहे, ‘हा’ नावाच्या खोऱ्यात. समजा अकोल्याच्या एका फौजी कुटुंबाची बदली तिथे झाली. काळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगाने नाव आणि हुद्दा रंगवून झाला, क्वार्टर मिळालं, नळ-खिडक्या मोजून मार्चिंग-इनची सही झाली. हुकमाच्या हद्दीतलं सगळं इथे संपलं. आता कुरडया कुठे घालायच्या? अकोल्यात सकाळी घातलेला पापड दुपारी कडक होतो. हिमालयात तो दिवसभर ओलसरच बसून राहतो, वर पावसाचा शिडकावा घेतो तो वेगळाच. मग अकोल्याला फोन जातो आणि सासूबाई वऱ्हाडचं ऊन डब्यांत भरून पाठवतात. जे ऊन साहेबांना नकोसं झालं होतं, त्याच्यावाचून आपल्या फौजीचं परदेशातलं घर अडतं. कलमं लिहिणारं गाव बदललं, तहाचा नियम तोच राहिला. म्हणूनच बदलीचा हुकूम आला की मुरलेली फौजी बायको पहिल्यांदा विचारते, "तिथी गच्ची आहे का? अन् ऊन किती वाजेलोक राह्यते?" देश कोणता, हे नंतर कळलं तरी तिचं काही अडत नाही.