मुरमावर ब्रेक मारू नये

“पडला ना शेवटी?” कुंपणाच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकवत काकूंनी विचारलं. कोण, ते सांगायची गरज नव्हती. शेवटच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर भाड्याने आलेला तो कॉम्प्युटरवाला मुलगा. काळी सायकल, काळे कपडे, काळा गॉगल. सायकल तीन लाखांची आहे ही बातमी गल्लीत काकूंनीच आणली होती, त्याच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंकडून.

“कॉलरबोन गेलं. हात गळ्यात बांधून फिरतोय.”

“आणि सायकल?”

“सायकलला ओरखडासुद्धा नाही.”

“चला, म्हणजे पैसे वाया नाही गेले,” काकू म्हणाल्या. “कुठे पडला म्हणे?”

“खाणीच्या अलीकडे ती वाट उतरते ना, आणि एकदम डावीकडे वळते, तिथे.”

“तिथे? अगं, तिथे मी बसून उतरते! एवढ्या वर्षांत त्या जागी उभी राहून उतरलेली नाही मी. आणि हा सायकलवर बसून उतरत होता?”

आमची ही पंचवटीतली गल्ली पाषाण रस्त्यावरून आत येते आणि वेताळ टेकडीच्या पाठीला जाऊन टेकते. घरामागून वाट वर जाते, त्यामुळे इथे प्रत्येकाला टेकडीबद्दल मत आहे आणि दुसऱ्याच्या टेकडीवर जाण्याबद्दल त्याहून पक्कं मत आहे. काकू रोज पहाटे वेताळबाबाच्या देवळापर्यंत जाऊन येतात. मी शनिवार-रविवारी सायकल काढते. त्यांच्या मते मी बरी चालवते. कारण मी कमी पडते.

“पण त्याला येत नव्हती का चालवता?” काकूंनी मुद्दा सोडला नाही.

येत होती. रस्त्यावर तो माझ्या दुप्पट वेगाने जातो. पण रस्त्याची सवय टेकडीवर नडते. डांबरावर पुढचा ब्रेक म्हणजे खरा ब्रेक. वेग तोच मारतो. मुरमावर, त्यातून वळणावर, पुढचा ब्रेक करकचून दाबला की पुढचं चाक पायाखालून सतरंजी ओढावी तसं निघून जातं. माणूस हात पुढे टाकतो, सगळा भार हातातून खांद्याकडे जातो आणि मधलं ते बारकं हाड मोडतं. वेग काय मारायचा तो वळणाच्या आधी, सरळ तुकड्यावर मारून घ्यायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचे. सांगायला सोपं आहे. वळण दिसलं की बोटं आपोआप आवळतात.

“मुरूम वाईटच,” काकूंनी निकाल दिला. “माझी चप्पलसुद्धा सरकते.”

सगळा सह्याद्रीचा हा काळा दगड, बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. तो झिजला की त्याचा मुरूम होतो, आणि आमच्या टेकडीवर खाली न हलणारा कातळ आणि वर बोटभर हलणारा मुरूम, असा प्रकार आहे. चिखल परवडला. चिखलात काय होणार ते आधी कळतं.

“तरी एवढीशी तर टेकडी!” भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला. ते पेपर वाचत होते, म्हणजे आमचं बोलणं ऐकत होते. “सिंहगड म्हणा, मान्य करीन. आम्ही कॉलेजात असताना साध्या सायकलींवर सिंहगडाच्या पायथ्याशी जायचो, गड चढायचो, आणि संध्याकाळी घरी. गिअर नव्हते काही.”

काकांचं खरं आहे. वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर, आणि पुणंच साडेपाचशेच्या पुढे आहे. म्हणजे चढ उरतो अडीचशे मीटरच्या आतबाहेर. सिंहगड तेराशेच्या वर जातो. पण गडावर जाणारा सायकलवाला डांबरी रस्त्याने जातो. तिथे दम लागतो, पाय भरून येतात, थांबावं, पाणी प्यावं, पुन्हा निघावं. टेकडीवर थांबायची सोय नाही. चढात मोठ्या दगडांच्या मधोमध एकदा पाय टेकला की तिथून पुन्हा सायकलवर बसता येत नाही. मागचं चाक जागच्या जागी फिरतं. सीटवर पुढे सरकून बसलं तर मागच्या चाकावर भार राहत नाही, मागे बसलं तर पुढचं चाक हवेत. नाक हँडलपाशी आणि बूड सीटच्या टोकावर, अशा अवस्थेत, सगळ्यात हलक्या गिअरवर, झटका न देता पेडल मारत राहायचं. हे करताना समोरून कुणी ओळखीचं आलं आणि “काय, आज उशीर?” म्हणालं, की संपलं.

“इस्त्रीवाल्यांचा मुलगा चढतो की,” काकू म्हणाल्या. “पाय न टेकता. मी बघितलंय. आणि त्याची सायकल काय, कुणीतरी वापरून टाकलेली.”

तो चढतो. आठवीत आहे, वजन काही नाही, आणि भीती त्याहून नाही. त्याच्या सायकलीचं पुढचं सस्पेन्शन कधीच गंजून बसलंय, मागे तर मुळातच नाही. पण त्याने ती वाट शाळेला जाताना-येताना पाठ केलीय. कुठल्या दगडाच्या उजवीकडून जायचं, मूळ कुठे वर आलंय, घळ कुठे रुंदावलीय, सगळं. गल्लीतल्या डॉक्टर दांपत्याच्या सायकलींना दोन्हीकडे सस्पेन्शन आहे, बटण दाबलं की सीट खाली जाते, उतारावर उपयोगी पडते. ती दोघं त्या चढावर उतरून सायकल ढकलतात.

“ढकलतात?” काकूंचा चेहरा उजळला. “मला सांगितलं होतं, वरपर्यंत जातो म्हणून.”

“जातात की. ढकलत.”

ही माहिती दुपारपर्यंत तिसऱ्या गल्लीत पोचेल याची मला खात्री आहे.

“पण मला सांग,” काकू जरा पुढे झुकल्या, “ह्या वाटा अवघड का आहेत? मुद्दाम केल्यात का कुणी?”

हाच प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण उत्तर उलटं आहे. त्या अवघड आहेत कारण कुणी केलेल्याच नाहीत. परदेशात डोंगरावर सायकलसाठी वाटा बांधतात, आणि त्याचं शास्त्र आहे. वाट उताराला आडवी काढायची. डोंगराचा उतार जेवढा असेल त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला द्यायचा नाही. मग पाणी वाट ओलांडून खाली जातं, वाटेवरून वाहत नाही. वळणावर बाहेरची कड उचलून घ्यायची, म्हणजे चाक धरून राहतं. आमच्या वाटा काढल्या शेळ्यांनी, पावसाच्या पाण्याने आणि घाईत असलेल्या पुणेकरांनी. तिघांनाही सरळ खाली जायचं असतं. सरळ वाटेवरून पाणी पळतं, माती नेतं, दगड उघडे पाडतं. मग चालणारे त्या घळीला टाळून शेजारून नवी वाट पाडतात, पुढच्या पावसात तिचीही घळ होते. काही ठिकाणी एकाच उतारावर अशा चार-पाच वाटा शेजारी शेजारी झाल्यात.

“त्यातली एक तुम्ही सायकलवाल्यांनी केलीय,” काकू लगेच म्हणाल्या. “ती उंबराजवळची. वळसा घालायचा कंटाळा. मागचं चाक घसटत खाली येता, खरवडून काढलाय उतार.”

केलीय. मागचा ब्रेक आवळून चाक घसटत उतरणं म्हणजे नांगर ओढणंच, आणि ओल्या मातीत तर त्या चरातूनच पुढचं पाणी जातं. टेकडीवरून बालभारती-पौड फाटा रस्ता नको म्हणून आम्हीच सह्या करायच्या, माणसांच्या साखळीत उभं राहायचं, आणि रविवारी तीच टेकडी खरवडायची, हे काही बरं दिसत नाही. काकूंना मी एवढंच सांगितलं की चालणाऱ्यांनी पाडलेल्या वाटा मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. त्यांनी मधुमालतीची एक वाळकी काडी तोडली आणि विषय बदलला.

“तुझा पुतण्या तिकडे कॅलिफोर्नियात आहे ना? तिथे काय करतात?”

पुतण्या राहतो मरीन काउंटीजवळ, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला. डोंगरात सायकल घालायचा हा सगळा उद्योग नावारूपाला आला तो तिथेच. 1976 साली फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावरून काही पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली खाली पळवायच्या शर्यती सुरू केल्या. त्या सायकलींना पेडल उलटं मारलं की मागच्या चाकात ब्रेक लागायचा. एका उतारातच आतलं ग्रीस तापून जळायचं, आणि दर फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. शर्यतीचं नावच त्यावरून पडलं, ‘रीपॅक’. दुसऱ्याच वर्षी त्यांच्यातल्या जो ब्रीझने खास डोंगरासाठी सायकल बांधली, आणि वीस वर्षांत, 1996 साली अटलांटाला, हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये गेला.

“मग तिथे तर राज्यच असेल सायकलवाल्यांचं.”

उलट. पायी फिरणारे, घोड्यावरून फिरणारे आणि सायकलवाले यांची भांडणं तिथे वर्षानुवर्षं चालू आहेत. अरुंद पायवाटा बऱ्याचशा सायकलींना बंद. जिथे परवानगी आहे तिथेही ताशी पंधरा मैलांच्या वर जायचं नाही, आणि माणूस ओलांडताना किंवा पुढचं न दिसणाऱ्या वळणावर ताशी पाच.

“पाच मैल!” काका पेपरामागून म्हणाले. “म्हणजे चालल्यासारखंच. उत्तम नियम आहे.”

त्यावर मी त्यांना कॅनडातल्या व्हिस्लरचं सांगितलं, की तिथे उन्हाळ्यात बर्फ वितळलं की स्कीवाल्यांचीच लिफ्ट सायकली घेऊन वर जाते आणि लोक दिवसभर नुसते खाली येत राहतात. वाटांना रंग दिलेले. हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड, आणि दोन काळ्या चौकटी असल्या तर घरी सांगून निघायचं. काकांना लिफ्टचा भाग अजिबात पटला नाही. चढ न चढता उतार घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. काकू मात्र रंगांपाशी थांबल्या.

“आमचंही आहे तसं,” त्या म्हणाल्या. “चपलेची वाट, बुटांची वाट आणि बसून उतरायची वाट.”

हे वर्गीकरण मी कुठल्याही रंगांपेक्षा वरचं मानते. देवळाकडच्या पठारावरची रुंद वाट चपलेची. तिथे नवशिक्याला खुशाल न्यावं. आमच्या गल्लीमागून चढणारी बुटांची. खाणीच्या अलीकडची बसून उतरायची, आणि तिच्यावर जायचं तर टायरमधली हवा थोडी कमी करून, सीट खाली घेऊन, नजर पुढच्या दगडावर न ठेवता त्याच्या पलीकडच्या मोकळ्या जागेवर ठेवून जायचं. ज्या दगडाकडे बघाल त्यावरच सायकल जाते. हे का होतं ते ठाऊक नाही, पण होतं हे टेकडीवरचा प्रत्येकजण सांगेल.

फक्त काकूंच्या वर्गीकरणात एक गोम आहे. वाट वर्षभर एका वर्गात राहत नाही. जुलैत पठारावरच्या कातळावर शेवाळ धरतं आणि चपलेची वाट बसून उतरायची होते. नवरात्राच्या सुमारास माती दबलेली, जरा ओलसर, टायर घट्ट धरणारी असते. सायकल काढावी तर त्या दिवसांत, सगळ्याच वाटा एक पायरी खाली येतात. दिवाळीनंतर गवत वाळतं, मोज्यांत कुसळं, आणि बाभळीचे काटे वाटेवर. ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट नसेल तर पंक्चर काढण्यात सकाळ जाते. मार्चपासून पुन्हा तो कोरडा, सुटा मुरूम. तो मुलगा पडला तो नेमका याच दिवसांत, आणि त्याने वाट पाहून ठेवली होती ऑक्टोबरात.

“त्याला कुणी सांगितलं नाही?”

“कोण सांगणार? टेकडीवर पाट्या आहेत त्या कचरा टाकू नका, एवढ्याच.”

“मला विचारायचं होतं त्याने,” काकू म्हणाल्या, आणि त्यात काहीही अतिशयोक्ती नव्हती. कुठला दगड यंदा सुटलाय, कुठे पाणी नव्याने वळलंय, मोर कुठल्या झुडपातून अचानक वाटेवर येतो, हे या बाईंना जेवढं माहीत आहे तेवढं आमच्या सायकलच्या सगळ्या ग्रुपला मिळून नाही. पण सायकलवाला चालणाऱ्याला काही विचारत नाही. तो घड्याळात बघतो, मनगटावरच्या नकाशात बघतो आणि “साइड, साइड” ओरडत जातो.

“ते ओरडणं बंद करा आधी,” काकू म्हणाल्या. “घंटी नाही का लावता येत? एवढ्या महाग सायकलीला घंटी नसते?”

“नसते. वेगळी घ्यावी लागते.”

“किती रुपये?”

“शंभर-दीडशे.”

काकांनी पेपर खाली ठेवला. तीन लाख अधिक दीडशे, हा हिशेब त्यांना मनापासून आवडला असावा.

“मग लाव,” काकू म्हणाल्या. “उद्या साडेसहाला आम्ही सगळ्या देवळाच्या खालच्या वळणावर असू. लांबूनच वाजव, आम्ही डावीकडे होतो. आमच्यातल्या त्या निळ्या स्वेटरवाल्या मात्र नाही व्हायच्या. त्या टेकडीवर येताना कानातलं यंत्र घरी ठेवतात. त्यातून पक्षी चांगले ऐकू येत नाहीत म्हणे.”