४५० फुटांचा महाल

४५० फूट कार्पेटच्या वन बीएचकेत ओटा कुठे आणि मोरी कुठे, हे बिल्डरने कधीच ठरवून टाकलेलं असतं. तरी नवे घरमालक घराचं डिझाइन करायला आधी कॉम्प्युटर घेतात: ३२ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड. खोल्या आखायला 'स्वीट होम थ्रीडी' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवरही चालतं. पण फुकटात कसली आलीय हौस! तगडं कार्ड लागतं ते रेंडरिंगला, म्हणजे सोफ्यावर दुपारचं ऊन पाडायला. खिडकीसमोर शेजारची इमारत उभी आहे, हे सॉफ्टवेअरला सांगतो कोण? त्याच्या तयार सामानात बाथटब आहे, देवघर नाही. मग सुतार येतो, स्क्रीनकडे न बघता टेप ओढतो आणि विचारतो, "साहेब, दुसरा सिलिंडर कुठे ठेवणार?"