एका शहाडकराने

हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याला पु. ल. देशपांड्यांनी १९६५ साली 'एका कोळियाने' या नावाने मराठीत आणले, त्या पुस्तकाची एक जीर्ण प्रत सेवानिवृत्तीनंतरच्या एका रिकाम्या दुपारी माझ्या हाती पडली, आणि उर्वरित आयुष्य मत्स्यवेधाला वाहावे असा हुकूमनामा माझ्या मनाने मला न विचारताच जारी केला.

त्या म्हाताऱ्याची लहान दोरी तरंगत्या सारगॅसम शेवाळाच्या बेटापाशी ओढली जाते आणि गळाला सोनेरी डोराडो लागतो. हवाई बेटांवर यालाच माही-माही म्हणतात. पाठ निळी-हिरवी, कुशी सुवर्णवर्णी, नराचे कपाळ भिंतीसारखे उभे, आणि प्राण जाताच सारे रंग उतरून हा राजबिंडा प्राणी फिकट पडतो. समुद्रातले दोन प्रवाह जेथे भिडतात तेथे शेवाळ रांगेने गोळा होते, त्याच्या सावलीत बारीकसारीक मासे व खेकडे आश्रयाला येतात, आणि त्या आश्रितांचा समाचार घ्यायला माही-माही. ही रांग हुडकण्यासाठी शौकीन मंडळी भारी किमतीच्या यांत्रिक नौका घेऊन कोसन्‌कोस भटकतात, हे समजल्यावर मला त्यांची मनापासून कीव आली. कारण आमच्या शहाडला उल्हास नदीत जलपर्णी हुडकावी लागत नाही, नदीच हुडकावी लागते.

ही जलपर्णी काढावी म्हणून दरसाल एका कचेरीत रीतसर अर्ज गुदरण्याचा माझा परिपाठ होता. त्या वर्षी मात्र, आयती चालून आलेली शिकारीची जागा आपल्याच हाताने कोण मोडील, या विचाराने मी तो अर्ज तहकूब ठेवला, मेहुण्याचा गळ मागून आणला, आणि गांडुळांचा डबा घेऊन नदीकाठी आसनस्थ झालो.

तीन तासांनी एक वृद्ध कोळी शेजारी येऊन बसला. माझ्या मुद्रेवरचे सागरी गांभीर्य न्याहाळून तो म्हणाला, "मास्तर, माशालाबी श्वास लागतो. या पाल्यानं पानी कोंडलंय. आता ऱ्हायला मरळ. तो वर येऊन हवा घेतो."

समुद्रातले शेवाळ ज्यांना आश्रय देते, त्यांना नदीतली जलपर्णी गुदमरवते, हा भेद माझ्या पुस्तकी विद्येतून निसटला होता; आणि त्या पर्णीला पोसणाऱ्या सांडपाण्यात माझ्याही मोरीचा खारीचा वाटा होता. शिवाय कल्याणला कसारा लोकल थांबली की दारातून डोके काढून हवा घेणारा मी आणि तो मरळ एकाच गोत्रातले ठरलो, त्यामुळे त्याच्यावर गळ टाकणे मला धर्मबाह्य वाटले. तेवढ्यात गळ ताणला. मी सर्व बळ एकवटून ओढले, आणि जांभळ्या फुलासह एक संपूर्ण जलपर्णी हाती आली.

"अहो, मासा राहू द्या, फूल किती सुरेख आहे!" म्हणून सौभाग्यवतीने ती बादलीत सोडली. ही वनस्पती पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते, ही माहिती मी तिला देणार होतो. तत्पूर्वी जलपर्णीनेच ती दिली. महिन्याभरात बादलीतले पाणी दिसेनासे झाले.

"आता ही काढायला अर्ज कुणाकडे करायचा?" तिने विचारले.

मी निमूटपणे दप्तरातून गतवर्षीच्या अर्जाची नक्कल काढली, आणि 'नदीपात्र' हा शब्द खोडून तेथे 'बादली' लिहावे की काय, या विचारात पडलो.